पदवी आणि वर्ग

दिवाळी अंकात कथा, कविता आणि वार्षिक भविष्य असावे ही वाचकांची रास्त अपेक्षा यंदाही पुरी केली आहे. तथापि अंकाचा मोठा भाग विशेष शिक्षकांच्या पदव्युत्तर शिक्षणास दिलेला पाहून ज्यांना नवल वाटेल, त्यांच्यापुढे त्याची कारणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मूकबधिर मुलांची शाळा मुंबईत १८८५ सालीच निघाली आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ साली. पुढे १९९२ च्या कायद्याने, केंद्रीय नोंदवहीत नाव असल्यावाचून विशेष शिक्षकाचे काम करण्यास मज्जाव झाला. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस केले. आणि २०२२ साली केंद्र सरकारने, प्राथमिक इयत्तांत अशा दहा मुलांमागे व वरच्या इयत्तांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. सारांश, दफ्तरी तरतूद उणी नाही.

उणीव आहे ती मराठी मुलाविषयीच्या ज्ञानाची. दोन वर्षांच्या एम.एड. अभ्यासक्रमात वाचन-अक्षमतेचे जे सिद्धान्त शिकविले जातात, ते बहुतांशी इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या निरीक्षणातून निघालेले. आणि इंग्रजीत लेखन व उच्चार यांची जी फारकत आहे ती देवनागरीत फारशी नसल्यामुळे, आपल्या मुलाची अडचण निराळ्याच जागी दडून बसते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावयाची आणि उच्चारावयाची मात्र मागाहून. ‘र’ हा एकच वर्ण ‘सर्प’मध्ये रफार होऊन माथ्यावर चढतो, ‘प्रकाश’मध्ये तिरकस रेघ होऊन पायाशी येतो, ‘ट्रक’मध्ये तेथेच निराळे रूप घेतो आणि ‘सुऱ्या’मध्ये आडवा होतो. ज्या मुलास डावे-उजवे, वर-खाली यांचाच उमज पडत नाही, त्याची येथे काय अवस्था होत असेल, हे परदेशी ग्रंथ सांगणार नाहीत. एकाच मुलाच्या वह्या वर्षभर तारीखवार जपून, कोणती चूक केव्हा सुटली व कोणती मुरली याची टिपणे ठेवणारी शिक्षिकाच ते सांगू शकेल. असे टिपण हाच पदव्युत्तर प्रबंधाचा खरा विषय, असे आमचे मत आहे. (सरासरी काढून निष्कर्षाची घाई करणारे प्रबंधही आम्ही चाळले आहेत, त्यांतील तक्ते देखणे असतात.)

परंतु येथेच व्यवस्थेचा शिरस्ता आडवा येतो. शाळेतील नेमणुकीस विशेष बी.एड. पुरते, त्यावरील पदवीची कदर व्हायची ती अध्यापक महाविद्यालयात. सबब जिचे निरीक्षण सर्वांत परिपक्व, तीच मुलापासून दूर जाते, आणि मागे राहतात त्यांतील कित्येक जणी कंत्राटी मानधनावर शाळा-शाळांतून फिरत असतात. राज्यात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. त्याने व शालेय शिक्षण खात्याने मिळून, पदव्युत्तर विशेष शिक्षिकेस शाळेतच हुद्दा, वेतनश्रेणी आणि टिपणांसाठी आठवड्याचे काही तास मंजूर करावेत. विद्यापीठांनीही असे प्रबंध मराठीत आग्रहपूर्वक मागवावेत. खर्चाचा प्रश्न निघेल. तो दरवर्षी निघतो.

या विभागातील लेख वर्गात काम करणाऱ्या शिक्षिकांनी लिहिले आहेत. मुलांची नावे बदलली आहेत. लेखिकांच्या भाषेस मात्र आम्ही फारसा हात लावलेला नाही.