लकव्यातून वाचलेल्या रुग्णांच्या मानसिक आरोग्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा

विषय : लकवा (पक्षाघात) झालेल्या रुग्णांमधील नैराश्य, आत्महत्येचा धोका व वारंवार मागूनही न झालेली उपाययोजना

महोदय,

आम्ही मलकापूर, आगाशिवनगर व परिसरातील लकव्याचे रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे घरचे लोक आहोत. याच विषयावर यापूर्वी दिलेल्या अर्जांच्या पोच-प्रती सोबत जोडल्या आहेत. कार्यालयांची नावे त्यांवर आहेत, म्हणून येथे लिहीत नाही. अर्ज सगळीकडे आदराने घेतले गेले आणि तिथेच राहिले.

मलकापूर-कराडला दवाखान्यांची वाण नाही. पाटण, शिराळा, वाळव्याहून माणसे इथे येतात आणि जीव वाचवून परत जातात, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आमचे दुखणे घरी आल्यावर सुरू होते. आमच्यापैकी बहुतेकांच्या डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाची गोळी आहे, रक्त पातळ करणारी गोळी आहे, हातापायाचे व्यायाम आहेत. मनाबद्दल एक ओळ नाही. लकव्यानंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येते, हे वैद्यकशास्त्राला आता नवीन नाही. स्वीडनमध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ साली जे प्रसिद्ध झाले, त्यात अशा रुग्णांमध्ये आत्महत्या व तिच्या प्रयत्नांचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. सर्वांत धोक्याची पहिली दोन वर्षे. नेमक्या त्याच दोन वर्षांत आमच्याकडे कोणी फिरकत नाही.

ऊसतोड, ट्रकची चाके, भाजीचा गाडा यांवर ज्यांचे घर चालत होते, ती माणसे आता भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. "त्या दिवशीच गेलो असतो तर सुटलो असतो, तुम्हीही सुटला असता," हे वाक्य आमच्यातल्या कितीतरी घरांनी ऐकले आहे. शेजारी म्हणतात, आजारपणाने चिडका झालाय. तो चिडका झालेला नाही, आजारी आहे, आणि हा आजार गोळ्यांनी व समुपदेशनाने आटोक्यात येतो.

सर्वांत बिकट अवस्था वाचा गेलेल्यांची आहे. उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणेही जाते. समोरचे सगळे कळते, पण तोंडातून शब्द येत नाही. पाणी हवे असताना भलताच शब्द येतो आणि माणूस रडू लागतो. एका घरी वडील दिवसेंदिवस ताटाला हात लावत नव्हते. घरच्यांना वाटले, गिळता येत नसेल. खरे कारण ते नव्हतेच, मन खचले होते. असा माणूस "मला जगायचे नाही" हे सांगणार कसा? आमच्या मागच्या अर्जावर आम्हाला १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनचे पत्रक देण्यात आले. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा चांगली आहे, बोलता येणाऱ्याने तिचा जरूर उपयोग करावा. पण ज्याची वाचा गेली त्याच्या हातात फोन नंबर देणे, याला उपाय म्हणावे का, हे आपणच ठरवावे.

त्याआधी आश्वासन मिळाले होते की महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ कराडला बसतील. मग सांगितले गेले, पद भरल्यावर बसतील. मग पत्रक मिळाले. दरम्यान अर्धे अंग गेलेल्या माणसाला एसटीत चढवून सुमारे पन्नास किलोमीटरवर साताऱ्याला न्यावे लागते. सोबत जाणाऱ्याची रोजी बुडते, आणि पुढच्या तारखेला कोणी जात नाही.

म्हणून मुख्य मागणी अशी : लकव्याच्या प्रत्येक रुग्णाची नोंद डिस्चार्जच्या दिवशीच त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राकडे यावी आणि पहिली दोन वर्षे ठरावीक अंतराने घरी जाऊन त्याच्या मनाची विचारपूस व्हावी. आशाताई तिशीवरच्या माणसांचा जो सी-बॅक फॉर्म भरतात, त्यात मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत. ते आमच्या दारी विचारले जावेत. वाचा गेलेल्यांसाठी सांभाळणाऱ्यांना विचारावे : रडतात का, झोप लागते का, नजर टाळतात का, नुसते बसून राहतात का? अशी दहा प्रश्नांची पत्रिका इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांच्या कामातून कधीच तयार झालेली आहे. तिचे मराठी करून घेणे जिल्ह्याला अशक्य नाही. चोवीस तास नळाचे पाणी देणारे गाव म्हणून मलकापूर देशभर नावाजले. इथे घरोघरच्या पाण्याच्या मीटरची नोंद होते. लकव्याने पडलेल्यांची यादी मात्र आम्हाला कुठेच मिळाली नाही.

कराडला दरमहा मानसोपचारतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ बसावेत आणि नैराश्याच्या गोळ्या जवळच्या केंद्रात मिळाव्यात. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्याला दवाखान्यात नेताना "पोलीस केस होईल" या भीतीने आजही घरचे मागेपुढे करतात. अशा माणसाला शिक्षेपासून वाचवणारा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आपणास सांगायला नको. तो लोकांना सांगा. शेतीची औषधे कुलपात ठेवण्याची सूचना या घरांना आवर्जून द्यावी. दिव्यांग प्रमाणपत्राचे शिबिर मलकापुरात घ्यावे. सांभाळणाऱ्यांसाठीही समुपदेशन असावे.

आत्महत्या २०३० पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करण्याचे धोरण केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. त्यात आमची माणसे धरली आहेत की नाहीत, एवढे तरी लेखी कळावे.

या निवेदनावर एक महिन्यात लेखी उत्तर मिळावे. कोणते काम, कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात असावे. "कार्यवाही सुरू आहे" असे उत्तर आम्ही उत्तर धरणार नाही. तसे न झाल्यास रुग्णांना घेऊन आपल्या कार्यालयात येऊन बसण्यावाचून आम्हाला मार्ग उरणार नाही.

सोबतच्या बऱ्याच सह्या वाकड्या आहेत व आधार कार्डावरील सह्यांशी जुळणार नाहीत. उजवा हात गेल्यामुळे त्या डाव्या हाताने केल्या आहेत. या कारणास्तव निवेदन परत करू नये, ही विनंती.

आपले नम्र,
लकव्याचे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय,
मलकापूर, ता. कराड, जि. सातारा

सोबत : सह्यांची यादी, पूर्वीच्या अर्जांच्या पोच-प्रती