माठ कुठे होता?

जुन्या शाळेच्या आठवणींचं सध्या पेव फुटलंय. शतकमहोत्सव, अमृतमहोत्सव, दहावीच्या बॅचचा मेळावा. फेटे बांधायचे, पुन्हा त्याच बाकांवर बसून फोटो काढायचे, म्हाताऱ्या मास्तरांना शाल-श्रीफळ द्यायचं आणि गुळगुळीत कागदावर स्मरणिका काढायची. स्मरणिकेत चिंचा असतात, बोरं असतात, छडी असते आणि कडक पण प्रेमळ गुरुजी असतात. आपला माणूस ग्रुपफोटोत सापडतो, मागच्या रांगेत. लेख मात्र त्याचा नसतो.

नया नगर ही वस्तीच मुळात कालची. इथे मोठ्या माणसाची जुनी शाळा बहुतेक दुसरीकडेच असते. ९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठून मिरा रोडला आलेल्या मुसलमान कुटुंबांची शाळा मुंबईत राहिली. आपल्यातल्या कुणाची साताऱ्याकडे, कुणाची कोकणात. लांब आलेल्या माणसाला शाळा गोड वाटते, ते समजू शकतं. पण त्या गोडीत एक गोष्ट साफ धुऊन निघते: वर्गात पाणी कोण कसं पीत होतं.

साताऱ्याचंच घ्या. तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाचा नऊ वर्षांचा पोरगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरला नंबर १९१४. शाळेने ते रजिस्टर जपलंय, झकास केलं. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. त्या पानावरच्या सहीचा फोटो गावोगाव फिरतो.

पण हा माजी विद्यार्थी स्वतः शाळेबद्दल काय लिहून गेला? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणात बाबासाहेब सांगतात. वर्गात जातवार वेगळं बसायचं, तेही स्वतःच्या गोणपाटावर. संध्याकाळी ते गोणपाट घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. मास्तरांची परवानगी असून भागत नाही, शिपाई हजर पाहिजे, तोच नळ सोडणार. शिपाई नाही तर पाणी नाही. बस्स. चिंच नाही, बोर नाही. दोस्तांनो, हीसुद्धा माजी विद्यार्थ्याची आठवणच आहे. कुठली स्मरणिका ती पहिल्या पानावर छापेल? सहीला हार घालणं सोपं आहे. गोणपाटाला हार घालायचा तर ते रोज घरी न्यायला कुणी लावलं, हे बोलावं लागतं.

म्हणून शाळांच्या नावाने नुसता शंख करावा असं आम्ही म्हणत नाही. त्याच दारातून आपण आत घुसलो. मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकली आणि १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिचा महारमांगांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. धर्मालाच जाब विचारणारा. बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं'मध्ये फलटणच्या शाळेतल्या महाराच्या पोरी गुमान ऐकून घेत नाहीत, वरच्या जातीच्या पोरींशी भांडतात. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये शेणावरून गुरुजी पोरीच्या थोबाडीत देतात, तेव्हा आयदानं विणणारी आई गुरुजींनाच फैलावर घेते. गुरुजींची ही बाजू सत्काराच्या भाषणात कधी ऐकलीय?

आता कुणी म्हणेल, जुनं झालं, कशाला उकरता? ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानात जालोर जिल्ह्यातल्या सुराणा गावचा दलित पोरगा मेला. वय नऊच. मास्तरांच्या मडक्याला हात लावला म्हणून मारलं, असं घरच्यांनी सांगितलं. मग वाद कशावर सुरू झाला? शाळेत मडकं होतंच कुठे, सगळे एकाच टाकीचं पितात, असं सांगणारे पुढे आले. पोरगा गेला आणि लोक मडकं होतं की नव्हतं यावर भांडत बसले. लिहून न ठेवलेल्या शाळेचं हे असं होतं. वर्गात कुणासाठी काय होतं, हे नंतर ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

आणि शाळाही उठतायत. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात १४ हजारांच्या वर निघाल्या. वाडीवस्तीवरच्या आहेत, कुणाची पोरं तिथे शिकतात ते सांगायला नको. तिथे कुठला आलाय शतकमहोत्सव! शाळेला कुलूप लागलं की रजिस्टर कुठल्या कपाटात पडेल आणि वाळवी कधी खाईल, पत्ता लागणार नाही.

पुढचा अंक आपण शाळेवर काढतोय. मेळाव्याला जाणार असाल तर जरूर जा, फेटाही बांधा, पण पहिलं रजिस्टर बघायला मागा. आपल्या आळीतली किती नावं पहिलीत आहेत आणि सातवीपर्यंत किती उरली, ते मोजा. मग घरी येऊन लिहा. शाळेचं नाव, साल, इयत्ता. कुठे बसायचात. माठ कुठे होता, ओंजळीत वरून पाणी कोण ओतायचं. कुणी आपला डबा तुमच्यापुढे सरकवला असेल तर तेही लिहा. आईला, आजीला विचारा, त्या सांगतील तसं त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. शुद्धलेखन आम्ही तपासणार नाही. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा.