महत्त्वाकांक्षा कशाची?

महत्त्वाकांक्षेविषयी आपल्याकडे दोन प्रकारची व्याख्याने ऐकावयास मिळतात, आणि दोन्ही ऐकणाऱ्याची दिशाभूल करणारी आहेत. पहिला वक्ता बहुधा वयोवृद्ध असतो. तो तरुणांस सांगतो की, फार हाव धरू नये, वाट्यास आले त्यात समाधान मानावे. दुसरा वक्ता अगदी अलीकडचा. तो सांगतो की, स्वप्ने मोठी पाहा, आकाशाला गवसणी घाला, क्षणभरही थांबू नका. पहिला उपदेश ज्याचे सर्व काही मिळवून झाले आहे त्याच्या तोंडून येतो. दुसरा पुष्कळदा मानधन ठरवून केलेला असतो. घोड्यास लगाम घालावा की टाच मारावी एवढाच या दोघांमधील वाद आहे. स्वारास जावयाचे कोठे, हे विचारण्याचे कारण दोघांसही वाटत नाही. आमच्या मते तोच खरा प्रश्न आहे. महत्त्वाकांक्षा असावी की नसावी, हा वाद निरर्थक होय. ती कशाची असावी, आणि वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर तिचे काय करावे, हे सांगता आले तरच बोलण्यात अर्थ आहे.

वडूज येथे राहून महाविद्यालयात शिकविणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही. खटाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. येरळेच्या काठचे, पण पर्जन्यछायेतले. पावसाने पाठ फिरविली की या मुलखाने घराबाहेर पाऊल टाकावयाचे, ही जुनी रीत. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, कोणी सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा शिकून पार मद्रास-कलकत्त्यापर्यंत पोहोचले. हल्लीच्या पिढीने तिसरी वाट धरली आहे, ती स्पर्धापरीक्षेची. माण-खटावच्या मातीतून अधिकारी निपजतात, अशी आता ख्यातीच झाली आहे, आणि तिचा अभिमान वाटण्याजोगाही आहे. निवड झालेल्या मुलाची मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो, चौकात फलक लागतो, आणि गावातील दहावीच्या मुलापुढे आयुष्याचे एकच चित्र उभे राहते : खुर्ची, शिपाई आणि दारात गाडी. त्याच परीक्षेस वर्षानुवर्षे बसून पुण्याच्या सदाशिव पेठेतील खोलीत तिशी गाठणाऱ्या मुलांचा फलक मात्र कोणी लावीत नाही.

यात एक विलक्षण विरोध आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच वडूजच्या कचेरीवर आसपासच्या खेड्यांतील लोकांनी मोर्चा नेला; तीवर तिरंगी निशाण लावावे एवढाच त्यांचा हेतू होता. पोलिसांनी गोळी झाडली आणि परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी तेथे धारातीर्थी पडले. ज्या कचेरीपुढे त्यांनी प्राण ठेवले, तिच्याच आतील खुर्ची ही आज त्यांच्या मुलखातील तरुणांच्या आकांक्षेची परिसीमा होऊन बसली आहे. कचेरी आपली झाली, हा त्या हौतात्म्याचाच विजय, असे कोणी म्हणेल; आणि ते खरेही आहे. परंतु कचेरी आपली झाल्यावर तिच्यात बसून काय करावयाचे, हा प्रश्न त्या विजयाबरोबरच आपल्या हाती आला होता. तो आपण तसाच बांधून ठेविला आहे.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. ज्याच्या विहिरीस फाल्गुनात पाणी राहत नाही, ज्याच्या बापाने सोसायटीचे कर्ज डोक्यावर वागविले, त्याने महिन्याच्या महिन्यास येणाऱ्या पगाराची इच्छा धरली तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार पेन्शनीत निघण्याच्या बेतात असलेल्या प्राध्यापकास नाही. मान्य. परंतु मग तीस तिच्या नावानेच ओळखावे. ती उपजीविकेची चिंता आहे, महत्त्वाकांक्षा नव्हे. पोटाची सोय ही गरज आहे, आणि गरजेत लाजण्यासारखे काही नाही. घोटाळा होतो तो गरजेला महत्त्वाकांक्षेचा फेटा बांधल्यावर. मग नोकरी लागताच मनुष्यास वाटते की, आपली महत्त्वाकांक्षा पुरी झाली. आणि पंचविसाव्या वर्षी ज्याची महत्त्वाकांक्षा पुरी झाली, त्याने पुढील तेहतीस वर्षे करावयाचे काय? तो दुसऱ्या खुर्चीकडे पाहू लागतो. ज्येष्ठतासूची हा त्याचा नित्यपाठाचा ग्रंथ होतो, बदली हे संकट होते, आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याची बढती हा स्वतःवरील अन्याय ठरतो. पदाच्या महत्त्वाकांक्षेचा हा स्वभावच आहे : मिळाली की विझते किंवा पुढच्या पायरीवर जाऊन बसते, न मिळाली की सडते.

याउलट, एखादे काम उभे करण्याची महत्त्वाकांक्षा पदावाचूनही जगते. याची साक्ष काढण्यास विलायतेस जाण्याची गरज नाही. आमच्याच सातारा-सांगलीच्या टापूत तीन उदाहरणे हाताशी आहेत, आणि ती जीवनक्रमातील तीन निरनिराळ्या वळणांवरची आहेत.

पहिले उदाहरण बढती डावलली जाण्याचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांस चित्रकार व्हावयाचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेल्यावर कळले की, त्यांच्या डोळ्यांस काही रंग नीट ओळखता येत नाहीत. ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली. या प्रसंगी आपल्यापैकी बहुतेक जण एक अर्ज लिहितात आणि मग उरलेला जन्म त्या अर्जाची हकीकत सांगण्यात घालवितात. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास गेले. तेथे बंधूंसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, असे शेतकऱ्यांस वाटत होते. पहिल्या नांगरांस गिऱ्हाईक मिळविण्यात फार काळ गेला. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडल स्टेशनाजवळील निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० साली त्यावर किर्लोस्करवाडी वसू लागली. लक्ष्मणरावांस राग आला नसेल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांचा राग कामास लागला. मुंबईच्या खुर्चीपेक्षा यंत्र त्यांस अधिक प्रिय होते, म्हणून खुर्ची गेली तरी त्यांचे काही गेले नाही.

दुसरे उदाहरण अधिक अवघड वळणाचे आहे : चाललेला जम मोडण्याचे. भाऊराव पाटील (१८८७–१९५९) मॅट्रिकही झाले नव्हते. साताऱ्यास शिकवण्या केल्या. मग ओगल्यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. कूपर यांच्या कारखान्यातही त्यांनी काम केले. या धंद्यात त्यांस चांगला जम बसविता आला असता. पण नांगर विकताना त्यांनी नांगरधाऱ्याचे घर पाहिले, आणि तेथे लोखंडाहून मोठी उणीव अक्षराची आहे, हे त्यांस दिसले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले, आणि त्या मुलांच्या पोटास घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. समाधानाचा उपदेश करणाऱ्यांनी सांगावे की, हा मनुष्य महत्त्वाकांक्षी नव्हता काय? खेडोपाडी शाळा काढण्याची आकांक्षा ही लहान आकांक्षा नव्हे; ती कोणत्याही कलेक्टराच्या आकांक्षेहून मोठी होती. फरक इतकाच की, तिच्या शेवटी त्यांच्या स्वतःसाठी खुर्ची नव्हती.

तिसरे वळण सर्वांत कठीण : मिळालेले सोडण्याचे. औंध हे खटाव तालुक्यातलेच. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी १९३९ साली, सत्तरी गाठल्यावर, आपल्या बहात्तर गावांच्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना मान्य केली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता. काळाची पावले ओळखून केलेली ही तडजोड होती, असे म्हणणारे निघतील. काळाची पावले इतर संस्थानिकांसही ऐकू येत होती. तरी त्यांतील बहुतेकांनी अधिकार मुठीत धरला तो मूठ उघडली जाईपर्यंत. भवानरावांस सोडणे साधले याचे कारण आमच्या मते साधे आहे. ते चित्रे काढीत, कीर्तने करीत, सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत. १९३८ साली त्यांनी औंधास आपला संग्रह वस्तुसंग्रहालयाच्या रूपाने मांडला. अधिकार वजा केल्यावर ज्याच्यापाशी पुष्कळ उरते, तोच अधिकार सोडू शकतो. ज्याचे पद काढून घेतल्यावर मागे काहीच उरत नाही, तो निवृत्तीनंतरही दारावरच्या पाटीत ‘माजी’ या शब्दास कवटाळून बसतो.

ही थोरांची चरित्रे झाली, सामान्य कारकुनाने त्यांतून काय घ्यावे, असे विचारणाऱ्यांस आम्ही आमच्याच धंद्याचे उदाहरण देतो. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकविण्याचे बंधन घेतले होते. सभासदाने संस्थेबाहेर किती गुंतावे व कमवावे, यावर त्यांच्यात कडाक्याचे भांडण झाले; गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा ते विकोपास गेले आणि १८९० साली टिळक बाहेर पडले. कोणाची बाजू बरोबर होती, हा आजचा विषय नाही. आपल्या उत्कर्षाने कामास धक्का लागतो काय, हा प्रश्न त्या मंडळींस भांडण्याइतका महत्त्वाचा वाटला, हे ध्यानात घ्यावे. आज तो प्राध्यापकांच्या खोलीत निघतच नाही. २०१० च्या नियमावलीने आमच्या कामास गुण मोजण्याची पद्धत आली. पुढे नियम बदलले, पण जडलेली सवय गेली नाही. पैसे भरून लेख छापणारी नियतकालिके निघाली, कोणी न वाचावयाचे निबंध लिहिले गेले, आणि त्या निबंधांच्या बळावर बढत्या झाल्या. ज्या मुलास शुद्ध परिच्छेद लिहिता येत नाही, त्याला तो शिकविण्याबद्दल गुण नाहीत; म्हणून तो शिकविला जात नाही. वर्गात आम्ही मुलांना ध्येयाविषयी बोलतो, आणि वर्गाबाहेर स्वतःचे गुण मोजतो. मुले कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकतात.

म्हणून उपदेशाऐवजी आम्ही तीन रोखठोक गोष्टी सुचवितो. परीक्षेस बसणाऱ्या तरुणाने पहिल्याच दिवशी दोन आकडे कागदावर लिहावेत : किती वर्षे देणार, आणि न साधल्यास कोणता दुसरा धंदा धरणार. दुसरा आकडा नाही, शब्द आहे; पण तो नसला तर पहिल्याचा उपयोग नाही. मध्यम वयाच्या नोकरदाराने, बढती हुकल्यावर तक्रार अवश्य करावी, पण तिची मुदत ठरवावी. आणि स्वतःस विचारावे की, हे पद उद्या गेले तर माझे म्हणून कोणते काम उरेल? तलाठ्याने नोंदी चोख केल्या, ग्रंथपालाने गावास वाचावयास लावले, शिक्षकाने चार मुलांना लिहिते केले, तर उत्तर देण्यास त्यांस अडखळावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट गावकऱ्यांसाठी आहे. निवड झालेल्या दिवशी सत्कार करण्याची प्रथा बंद करावी. त्या दिवशी त्या मुलाने एक परीक्षा दिलेली असते, काम कोणतेच केलेले नसते. पाच वर्षांनी चौकशी करावी की, त्याच्या कचेरीत आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास किती हेलपाटे पडतात. आणि उत्तर समाधानकारक असेल तर खुशाल गुलाल उधळावा. फलक तेव्हा लावावा. त्यावर पदाचे नाव लहान अक्षरांत आणि कामाचे मोठ्या अक्षरांत असले म्हणजे पुरे.