दुर्बीण घेताना शिक्का दुय्यम

पक्षी पाहायला, शाळेतल्या मुलांना चंद्र दाखवायला, नाहीतर उसाच्या कडेला बिबट्या आहे का ते गच्चीवरून बघायला आपल्याकडे हल्ली दुर्बिणी घेतल्या जातात. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: कुठली बनावट? जपानी म्हटलं की हात खिशात जातो, चायना म्हटलं की नाक मुरडतं.

जुन्नर-आंबेगावकरांनी तरी एवढ्यावर निकाल देऊ नये. खोडद परिसरातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने देशातच घडल्या. आंबेगाव तालुक्यात गिरवलीला आयुका या खगोलसंस्थेची २ मीटर आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे. ती मात्र ब्रिटनमधल्या टेलिस्कोप टेक्नॉलॉजीज कंपनीने बनवली. मग काचेच्या कामात आपण ढ का? मुळीच नाही. रेडिओलहरी लांब असतात, म्हणून तबकडीला तारेची जाळी पुरते, काही मिलिमीटरचा फरक खपतो. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढी, आणि आरसा तिच्याही अंशापर्यंत अचूक घासावा लागतो. त्याला वर्षानुवर्षांचा हात, मोजणीची साधनं आणि सदोष नग बाजूला काढायची तयारी लागते. तमिळनाडूतल्या कावलूरला १९८६ पासून असलेल्या २.३४ मीटरच्या वेणू बापू दुर्बिणीचा आरसा आपल्याच लोकांनी बंगळुरूत घासला.

बाजारातही तेच. जर्मन लायकाचा कारखाना १९७३ पासून पोर्तुगालमध्ये आहे. निकॉनच्या मोनार्क दुर्बिणी चीनमध्ये बनत आल्यात, आणि जत्रेतली खेळणीही तिथलीच. कंपनी किती पैसे मोजते आणि किती कडक तपासते, यावर माल ठरतो.

तेव्हा तुम्हीही तपासा. दुर्बीण हातभर लांब, उजेडाकडे धरा. डोळ्याकडच्या काचांत उजेडाची वर्तुळं दिसतील, ती पूर्ण गोल हवीत. कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसल्या तर आतले प्रिझम हलके. मग लांबचा मोबाइल टॉवर बघा. एकाचे दोन दिसले किंवा डोळे ओढल्यासारखे झाले, तर तिथेच परत करा, मग शिक्का जर्मनीचा का असेना. ८×४२ लिहिलेलं असेल तर ८ म्हणजे पट आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागा. पाचच्या आसपास आलं की तिन्हीसांजेलाही नीट दिसेल.

शाळांच्या संचालकांना वेगळं सांगणं आहे. चंद्र-तारे पाहायच्या दुर्बिणीच्या खोक्यावर '५२५ पट' छापलंय आणि भिंग ६० मिलिमीटरचं, तर ती थाप समजा. अशा भिंगाला फार तर १२० पट झेपतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, तिथल्या जाणकारांना आधी विचारा. आणि विक्रेत्याला रात्री शाळेच्या मैदानात बोलवा, चंद्र आणि एखादा ठळक तारा दाखवायला लावा, मगच बिल मंजूर करा.