संगणकालाही वेळच्या वेळी लस हवी

शेतकरी बंधूंनो आणि पंचायतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळींनो,

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची कंटेनरची रांग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गुजरातकडून येणारा माल याच रस्त्याने न्हावा-शेवा बंदराकडे जातो. आपल्या नाशिकची द्राक्षे आणि कांदाही त्याच बंदरातून परदेशी रवाना होतो. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील एका टर्मिनलचे काम अचानक ठप्प झाले. संप नव्हता, वादळ नव्हते. संगणकात व्हायरस शिरला होता.

हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडे होते. 'नॉटपेट्या' नावाचा तो व्हायरस सोडला होता युक्रेनवर. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून तो घुसला आणि कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या दारात आला. कंपनीला २० ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, आमच्या ग्रामपंचायतीच्या संगणकात चोरण्यासारखं आहेच काय?" पण व्हायरस घर बघून येत नाही. युक्रेनचे भांडण न्हावा-शेव्याला भोवले, मग पेन ड्राइव्हमधून आपल्या गावात यायला त्याला कितीसा वेळ? घरपट्टीचा नमुना ८ आणि ९, दाखल्यांच्या नोंदी, सोसायटीची कर्जखाती, शेतकऱ्यांच्या आधारच्या प्रती, सारे त्या एका डब्यात असते. फायलींना कुलूप लागले की पीकविम्याच्या मुदतीला दाखला मागायला आलेला शेतकरी हात हलवत परत जातो. नुकसान त्याचे होते, संगणकाचे नाही.

"आमच्याकडे अँटिव्हायरस आहे की," असे उत्तर पुष्कळ ठिकाणी मिळते. आहे, पण कधीचा? लाळ्या-खुरकुताची लस जनावराला एकदा टोचून भागते का? दर सहा महिन्यांनी टोचावी लागते. अँटिव्हायरसचेही तसेच. ओळखीच्या व्हायरसची एक यादी त्याच्याजवळ असते आणि ती पाहूनच तो बराचसा चोर पकडतो. नवे व्हायरस रोज निघतात, म्हणून यादीही रोज नवी व्हावी लागते. मुदत संपलेला अँटिव्हायरस म्हणजे जुन्याच चोरांचे फोटो घेऊन दारात बसलेला राखणदार. नवा चोर समोरून गेला तरी हा त्याला रामराम करणार!

विंडोजच्या अपडेटचेही महत्त्व तेवढेच. नॉटपेट्या ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक वाट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच बुजवली होती. मे महिन्यात 'वॉनाक्राय' व्हायरसने त्याच वाटेने जगभर धुमाकूळ घातला. तरीही जूनमध्ये अनेकांचे बांध फुटलेलेच होते. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आपला संगणक कोणता, हे आजच बघा.

एवढे करूनही धोका पूर्ण टळत नाही, हेही सांगितले पाहिजे. नॉटपेट्या पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या संगणकातही शिरत होता. मर्स्कचा सारा कारभार पुन्हा उभा राहिला तो आफ्रिकेतल्या घाना देशातील एका संगणकामुळे. तिथे ऐनवेळी वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटला आणि वाचला. भारनियमनाने कुणाचे भले झाल्याचे आपण तरी कधी ऐकले नव्हते! धडा असा, की नोंदींची एक प्रत संगणकापासून वेगळी, कपाटात हवीच.

माझे म्हणणे साधे आहे. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की आपण नोंद ठेवतो. तशीच एक वही संगणकाशेजारी ठेवा. दर सोमवारी परिचालकाने अपडेटची तारीख लिहावी, महिन्याला एकदा वेगळ्या प्रतीची नोंद करावी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सही करावी. बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये. विंडोज १० आणि ११ मध्ये अँटिव्हायरस मुळातच फुकट येतो, तो फक्त चालू हवा. विकतचा असेल तर नूतनीकरणाचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा. 'क्रॅक' केलेली फुकटातली सीडी मात्र नकोच, चोराच्या हाती किल्ली दिल्यासारखे ते होईल.

आणि शेतकरी बंधूंनो, तुम्हीही गप्प बसू नका. पाण्यात टीसीएल टाकली का, हे ग्रामसभेत विचारता ना? मग येत्या ग्रामसभेत आणखी एक प्रश्न विचारा: "संगणकाची वही दाखवा, शेवटची तारीख कोणती?" कागद तुमचे आहेत. विचारण्याचा हक्कही तुमचाच आहे.