शेजाऱ्यांनाही हसवणारी मुलं

बीबीसीने 1965 साली ‘अपना ही घर समझिए’ हा कार्यक्रम सुरू केला, तो ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांना तिथे रुळता यावं म्हणून. हेतू चांगला होता, पण त्यात स्थलांतरितांनी ऐकायचं आणि शिकायचं होतं. पुढे त्या पिढीची मुलं बोलू लागली. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया यांचा ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा विनोदी कार्यक्रम आधी रेडिओवर गाजला आणि 1998 मध्ये बीबीसी टूवर आला. त्यातलं एक प्रहसन तर पाहायलाच हवं: मुंबईतल्या एका इंग्लिश हॉटेलात प्यायलेलं भारतीय टोळकं शिरतं, वेटरची टर उडवतं आणि सगळ्यांत सपक पदार्थ कोणता ते विचारतं. ब्रिटनमधल्या करी हाउसांत वेटरांनी (त्यांतले कितीतरी बांगलादेशी) वर्षानुवर्षं जे सोसलं, ते असं उलटं फिरवल्यावर गोरा प्रेक्षकही हसला, आणि त्या टोळक्यात त्याला आपलेच मित्र दिसले. मला अधिक मोल वाटतं ते याचं, की या मंडळींनी घरच्यांनाही सोडलं नाही. जगातली प्रत्येक गोष्ट मूळची भारतीयच म्हणणारे वडील आणि मुलांच्या बढाया मारत एकमेकींवर कडी करणाऱ्या आया त्यात आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं; तिथल्या मराठी घरांत वाढलेल्या एखाद्या मुलीने आपल्या आजीआजोबांवर साऱ्या ब्रिटनसाठी अशी मालिका लिहावी, असं मला मनापासून वाटतं.