नाताळची संत्री, मापातली जिन

डिसेंबरचा मध्य उलटला की भिलाईच्या पॉवर हाऊसच्या बाजारात नागपुरी संत्र्यांचे ढीग लागतात. नागपूर इथून रेल्वेने जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. आंबिया बहराची फळे तोवर गोडीला आलेली असतात आणि गाडीत रात्र काढून सकाळी हातगाड्यांवर पोहोचतात. नागपूर आणि छत्तीसगढ यांची ओळखही जुनी आहे. भोसल्यांचे राज्य इथवर होते, पुढे १९५६ पर्यंत दोन्हीकडचा कारभार एकाच प्रांतात चालला. त्यामुळे इथल्या मराठी घरांतून संत्रे हे ‘माहेरचे फळ’ मानले जाते, यात नवल नाही.

पॉवर हाऊसला लागूनच कॅम्प-१ ही वस्ती आहे. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार होऊन पोलाद कारखाना उभा राहू लागला, तेव्हा बांधकामावरच्या मजुरांसाठी जे कॅम्प पडले, त्यांतलाच हा एक. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. काम संपले, पण कॅम्प हे नाव वस्तीला कायमचे चिकटले. मल्याळी, तेलुगू, ओडिया, बिहारी, मराठी आणि मूळचे छत्तीसगढी असे सगळे या परिसरात शेजारी शेजारी राहतात. साहजिकच एकाचा सण हा चौघांचा होतो. दिवाळीचा फराळ पलीकडे जातो आणि नाताळचा केक अलीकडे येतो.

केकबरोबर काय द्यायचे, हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत पडतो. केरळी ख्रिस्ती कुटुंबांत नाताळसाठी महिनाभर आधी द्राक्षांची वाइन घालण्याची पद्धत आहे. तरुण मंडळी मात्र आता फळांच्या रसातली जिन मागतात. त्यात वावगे असे काही नाही. नाहीतरी नाताळच्या संध्याकाळी पुरुषमंडळी गच्चीवर बाटली घेऊन आणि बायका स्वयंपाकघरात, अशी जी फाळणी होते, तिच्यापेक्षा सर्वांनी एका टेबलाभोवती बसावे हे केव्हाही चांगले. फक्त त्या टेबलाची मांडणी विचारपूर्वक करायला हवी.

जिन आणि संत्रे यांचे जमते कसे, हे आधी पाहू. जिन म्हणजे धान्यापासून काढलेले बिनवासाचे मद्य, ज्याला ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास दिलेला असतो. ही फळे आपल्या वैद्यांना नवी नाहीत. आयुर्वेदात त्यांना हपुषा म्हणतात, आणि २०१८ मध्ये बाजारात आलेल्या एका भारतीय जिनला ‘हपुसा’ हेच नाव दिले गेले. ज्युनिपरच्या जोडीला बहुतेक जिनमध्ये धने आणि लिंबू-संत्र्याची सालही असते. म्हणून संत्र्याचा रस तिच्यात परका वाटत नाही. व्हिस्कीत तोच रस घातला तर दोघांचेही बिघडते.

या जिनचा इतिहास मात्र फारसा सणासुदीचा नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये ती इतकी स्वस्त झाली की मजुरांच्या वस्त्यांतून घरोघर विकली जाऊ लागली आणि आठवड्याची मजुरी तिच्यात बुडू लागली. विल्यम होगार्थने १७५१ साली ‘जिन लेन’ हे चित्र काढले. त्यात झिंगलेल्या आईच्या मांडीवरून मूल खाली पडते आहे आणि तिला त्याचे भान नाही. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून किरकोळ विक्रीला लगाम घातला.

भिलाईच्या वाचकांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ साली खाणमजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. लढून मजुरी वाढवून घेतली, आणि वाढलेला पैसा दारूच्या दुकानात जाऊ लागला. तेव्हा शंकर गुहा नियोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटनेतूनच दारूबंदीची मोहीम उभी केली. तिचा खरा जोर होता तो मजूर स्त्रियांमध्ये. पगाराच्या दिवशी घरी किती पैसे पोहोचतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. आजही या भागात अनेक घरे अशी आहेत, की जिथे बाटली हा शब्द चेष्टेने उच्चारला जात नाही.

त्यात डिसेंबर हा इथे केवळ नाताळचा महिना नव्हे. १८ तारखेला गुरू घासीदासांची जयंती असते. १७५६ साली गिरौदपुरी येथे जन्मलेल्या या संताने सतनाम पंथाच्या शिकवणीत मद्य वर्ज्य सांगितले. म्हणजे २५ तारखेला केक खायला येणाऱ्या शेजाऱ्यांत दारूला स्पर्शही न करणारे असतील, नुकतीच सोडलेले असतील, ज्यांच्या घरी ती कधी शिरू नये असे वाटते त्या बायका असतील आणि मुले तर असणारच. अशा घरात यजमानिणीने एकच नियम कटाक्षाने पाळावा. जिन सामाईक भांड्यात कधीही ओतू नये. भांड्यात असावे ते फक्त फळांचे पेय. जिन ज्याची त्याच्या ग्लासात, सर्वात शेवटी आणि मापाने.

परदेशी मासिकांतून पंचचे मोठे काचेचे भांडे दाखवतात. त्यात बाटली रिकामी केलेली असते आणि पाहुणे डावाने वाढून घेतात. दिसायला ते छान दिसते. पण कोणी किती घेतले याचा हिशेब त्यात राहत नाही, आणि गोड रसाखाली मद्याची तिखट चव लपते. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे फळांचे तुकडे. तासाभरात ते जिन शोषून घेतात. मोठ्यांचे पिऊन झाल्यावर तळाशी उरलेल्या त्या गोड फोडी नेमकी लहान मुले वेचून खातात. हे टाळायचे तर मुळातच दोन्ही वेगळे ठेवावे.

आता कृती. दहा ग्लासांसाठी मध्यम आकाराची चौदा-पंधरा संत्री घ्यावीत, पाऊण लीटर रस निघतो. संत्री कोमट पाण्याने स्वच्छ धुवावीत. त्यांपैकी तीन संत्र्यांची वरची केशरी साल सुरीने पातळ काढावी, आतला पांढरा भाग शक्यतो येऊ देऊ नये. ही साल पाऊण वाटी साखरेत बोटांनी चुरडून दोन तास झाकून ठेवावी. साखर ओलसर होते आणि घरभर वास सुटतो, कारण संत्र्याचा सुगंध रसापेक्षा सालीतल्या तेलात अधिक असतो. दुसरीकडे एक कप पाण्यात दालचिनीचा एक तुकडा, पाच लवंगा आणि बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले घालून, पाणी निम्मे होईपर्यंत उकळावे. ते गाळून गरम असतानाच सालीच्या साखरेवर ओतावे, ढवळावे आणि पूर्ण निवू द्यावे. मग साली काढून बाजूला ठेवाव्यात.

रसाबाबत दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. संत्री मिक्सरमध्ये फिरवू नयेत, बिया फुटून कडवटपणा उतरतो. फोडी सोलून, बिया काढून, चाळणीवर हाताने दाबून रस काढणे उत्तम. वेळ लागतो खरा, पण नाताळच्या सुट्टीत घरात रिकामे हात पुष्कळ असतात, त्यांना बसवावे. दुसरे म्हणजे नागपुरी संत्र्याचा रस तापवू नये आणि फार आधी काढूनही ठेवू नये. ताजा असताना तो गोड लागतो, पण काही तासांनी कडू होऊ लागतो आणि उष्णतेने ते अधिकच लवकर घडते. लिमोनिन नावाचे द्रव्य त्याला कारणीभूत असते. बाटलीबंद संत्रारस करणाऱ्यांनाही हा कडवटपणा सतावतो. म्हणून पाक सकाळी करावा आणि रस पाहुणे यायच्या तासभर आधी काढावा.

रस आणि पाक एकत्र करून त्यात तीन लिंबांचा रस आणि चिमूटभर मीठ घालावे. नाताळचा लाल रंग हवा असेल तर पाच-सहा आमसुले धुऊन अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजत ठेवावीत आणि ते पाणी मिसळावे. कोकणातली आमसुले भिलाईत सहज मिळतीलच असे नाही. नसतील तर डाळिंबाचे दाणे आहेतच. त्यांच्याबरोबर पेरूचे पातळ काप घालावेत. इथला थंडीतला पेरू या पेयात इतका खुलतो, की एकदा घातल्यावर पुढल्या वेळी विसरला जात नाही. भांडे थंड करून टेबलावर मांडावे. वाढताना ग्लासात बर्फाचे तीन-चार खडे, अर्ध्याहून थोडे अधिक हे पेय आणि वर गार सोडा. हा झाला सर्वांचा ग्लास. आजी, मुले, न पिणारे शेजारी आणि गाडी चालवत घरी जाणारे, सर्वांच्या हातात तोच दिसतो आणि कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांना जिन हवी, त्यांच्या ग्लासात सोड्याआधी ३० मिलीचे एक माप घालावे. पेग मोजण्याचे भांडे नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे खुणांचे झाकण चालते. अंदाजाने ओतू नये, उदार हाताने तर मुळीच नाही. आपल्याकडची जिन बहुधा ४२.८ टक्के मद्यार्काची असते. म्हणजे ३० मिलीत सुमारे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते, आणि ते पचवायला यकृताला तास-सव्वा तास लागतो. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेळ कमी होत नाही. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये असे सहा पेग बसतात. किती पाहुणे आणि किती पेग, हे गणित यजमानांनी बाटली उघडण्याआधीच करावे.

गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा रक्ताच्या शंभर मिलीत ३० मिलिग्रॅम आहे. अंगकाठी लहान असेल तर ती एका पेगातही गाठली जाऊ शकते. तेव्हा किल्ली ज्याच्याकडे, त्याला जिन नाही. गर्भवतींना, यकृताचा आजार असलेल्यांना, झोपेची किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना आग्रह करू नये. खरे तर पेयाचा आग्रह कोणालाच करू नये. जेवणातला आग्रह पोटात जातो, हा डोक्यात.

बाटली सीलबंद आणि अधिकृत दुकानातलीच असावी. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती स्वस्त आणि सुट्या दारूमुळेच. महाराष्ट्रातल्या वाचकांनी परवान्याचे नियम पाहावेत. तिथे अशा कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी तर भांड्यातले पेय पुरेसे आहे. त्यात हवे तर धने भरडून घातलेले पाणी चमचाभर मिसळावे, जिनच्या वासाची थोडी हूल मिळते.

रात्री पेय उरलेच तर फ्रिजमध्ये सकाळसाठी ठेवू नये, कडू होईल. बाजूला काढलेल्या साली मात्र टाकू नयेत. पाकात भिजलेल्या त्या साली ताटात पसरून दोन दिवस उन्हात वाळवाव्यात, बरणीत भराव्यात आणि थंडी सरेपर्यंत चहात एक-एक टाकावी.